मोकळ्या हवेत आल्यावर

भिंगारच्या त्या जुन्या चर्चमध्ये नाताळाआधी बाक घासायचे ते ज्याचे त्यानं. भिंतींना रंगारी चालायचा, छपराला मिस्त्री चालायचा. पण बाकाला घरच्याच माणसाचा हात लागायचा, आणि तोही घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचा. जुन्या काळी बाप्तिस्मा घेतलेल्या घराण्यांनी एकेक सागवानी बाक दिला होता, पाठीवर घराण्याचं नाव कोरून. पुढं कुणा पाळकसाहेबांना सगळे बाक एकसारखे दिसावेत असं वाटलं. तेव्हापासून तपकिरी ऑइलपेंटचे थरावर थर चढत गेले आणि नावं खाली गडप झाली.

यंदा कृपादान उजागऱ्यांच्या डोक्यात आलं, आपल्या बाकावरचं नाव मोकळं करायचं आणि नाताळच्या सकाळी सगळ्या मंडळीला एकदम दाखवायचं. आधी कुणाला पत्ता लागता कामा नये. म्हणून त्यांनी बाक शेजारच्या वेस्ट्रीत, पाळकांच्या झगा बदलायच्या खोलीत, ओढत नेला. दार आतून लावलं. खिडक्यांच्या फटीत जुने सतरंजीचे तुकडे कोंबले. बाहेर पोरी गाणी बसवत होत्या, त्यांना वास गेला असता तर सगळं बिंग फुटलं असतं. आणि पेंट रिमूव्हरचा डबा उघडून ते सकाळपासून खरवडत बसले.

दुपार व्हायला आली तरी कृपादानमामा घरी आले नाहीत, म्हणून मामीनं आराधनाला बघायला धाडलं. आराधना ही त्यांची भाची. नुकतीच बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली, निकाल लागला होता, नोकरी लागायची होती, तोवर मामाकडे राहत होती.

तिनं दार वाजवलं. आतून कडी निघाली आणि गोडसर, जड वास तिच्या तोंडावर आला. प्रयोगशाळेत वावरलेल्या माणसाचे पाय असा वास आला की आपोआप मागं सरतात. तिचेही सरले.

"ये, ये आरू. दार लाव आधी," मामा म्हणाले. "बघ, 'उजा' निघालं. 'गरे' राहिलंय."

ते हसत उठायला गेले आणि त्यांनी भिंत धरली. चेहरा लालबुंद झाला होता. हातातली खरवडायची पत्ती खाली पडली ती त्यांना कळलीही नाही.

आराधनानं काही विचारलं नाही. त्यांना काखेत धरलं आणि ओढतच अंगणातल्या लिंबाखाली ओट्यावर आणून बसवलं. गाणाऱ्या पोरी गप्प झाल्या. फाटकाला रंग देत असलेला जॉय, मामांचा मुलगा, ब्रश हातात घेऊनच धावत आला.

"पप्पा! काय झालं?"

"काही नाही रे. जरा घेरी आली. डोकं धरलंय." मामांनी दोन-तीन मोठे श्वास घेतले. "हां. आता बरं वाटतंय. मोकळ्या हवेत आलो, झालं."

"छातीत काही होतंय का?" आराधनानं विचारलं. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या शिरेत स्टेंट बसवला होता.

"छाती ठणठणीत. उपासाचं पित्त असेल." नाताळच्या तयारीची उपास-प्रार्थना चालू होती. मामा दिवसभर पाण्यावर असायचे, संध्याकाळी दोन घास खायचे.

जॉयला एकदम आठवलं. त्यानं चर्चच्या कपाटातून कोरोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर आणला आणि बापाच्या बोटाला लावला. सगळे वाकून बघू लागले.

"अठ्ठ्याण्णव!" जॉय म्हणाला. "पप्पा, माझा तरी एवढा येईल का?"

पोरी हसल्या. मामाही हसले. आराधना मात्र तिथं नव्हती. ती श्वास रोखून वेस्ट्रीत शिरली, खिडक्या धाडधाड उघडल्या, डबा उचलला आणि बाहेर उजेडात येऊन त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचू लागली. शेवटी नाव सापडलं. मिथिलीन क्लोराइड.

दोन वर्षं तिनं याच गोष्टीत घालवली होती. हा डबा नव्हे, पण गोष्ट हीच. तिचा प्रोजेक्ट होता डिझेलच्या काजळीवर. पाथर्डी रस्त्यावरच्या गाड्यांच्या सायलेन्सरमधली काजळी घ्यायची, ती फुप्फुसाच्या पेशींना द्यायची आणि पेशी काय करतात ते बघायचं. पेशी गप्प बसत नाहीत. त्यांच्यात एन्झाइमं असतात, म्हणजे शरीरातली कामं झपाट्यानं उरकणारी प्रथिनं. बाहेरून काही नको ते आत आलं की ती त्यावर तुटून पडतात: तोड, जोड, पाण्यात विरघळेल असं कर, बाहेर टाक. हेतू चांगलाच असतो. पण काजळीतली काही रसायनं मुळात सुस्त असतात, ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. एन्झाइमांनी हात लावला की मगच ती खवळतात आणि पेशीलाच डसतात. म्हणजे श्वासातून आत येतो तो कच्चा माल. खरं विष आपलं शरीर तयार करतं.

आणि मिथिलीन क्लोराइडचं तिनं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. यकृतातलं एक एन्झाइम, थोडंफार फुप्फुसातलंही, त्याचं रूपांतर करतं कार्बन मोनॉक्साइडमध्ये. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांना मारतो तोच वायू. फरक इतकाच, की शेगडीजवळून माणूस उचलून बाहेर आणला की वायू आत जायचा थांबतो. इथं शेगडी माणसाच्या आत असते. मोकळ्या हवेत आणलं तरी ती पेटलेलीच राहते. चरबीत मुरलेलं द्रव्य झिरपत राहतं आणि वायू कित्येक तास बनत राहतो. दोन-तीन दिवसांच्या उपासानं नेमकं हेच एन्झाइम वाढतं, असंही तिनं कुठंतरी वाचलं होतं.

ती ओट्यापाशी आली तेव्हा मामा उभे राहून शर्ट झटकत होते. फाटकाबाहेर गोरक्षचा टेम्पो हॉर्न देत होता.

"चला साहेब!" गोरक्षनं मान बाहेर काढली. "घोडेगावचा बाजार उठल्यावर काय दोरी घिऊन येनार का?"

प्रीतिभोजनाचा बोकड मामा पारखूनच आणणार, हे दर नाताळचं ठरलेलं होतं. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर असताना त्यांनी जवानांच्या बुटापासून तंबूपर्यंत सगळं पारखलं होतं. बोकडाचे दात काय चीज.

"मामा, घोडेगावला जायचं नाही. दवाखान्यात जायचं," आराधना म्हणाली. "आत्ता."

"कशाला?"

"तुमच्या अंगात कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय."

"अठ्ठ्याण्णव आलाय की."

"तो आकडा खोटा आहे. ते यंत्र रक्ताचा फक्त लाल रंग बघतं. हा वायू रक्ताला चिकटला की रक्त तेवढंच लाल दिसतं. यंत्राला वाटतं ऑक्सिजन आहे. तुमचं रक्त भरलेल्या पोत्यासारखं दिसतंय, पण पोत्यात धान्य नाही, माती आहे."

"आणि ही माती आली कुठनं? मी तर बाहेर बसलोय."

"तुमचं शरीरच बनवतंय."

मामांनी तिच्याकडे कौतुकानं बघितलं. "माझंच शरीर माझ्या मुळावर उठलंय म्हणतेस? पोरी, साठ वर्षं सांभाळलंय मी त्याला. एवढं बेइमान नाही ते." आणि जॉयकडे वळून म्हणाले, "पुस्तक उघडून ठेवलं की घरातला प्रत्येक माणूस पेशंट दिसतो. मी चाललो."

"जॉय, तू सांग ना त्यांना!"

जॉय घुटमळला. त्याला बापाचा चेहरा दिसत होता, तो खरंच आता बरा दिसत होता. आणि यंत्रावरचा आकडा त्यानं स्वतः वाचला होता. "आरूताई, संध्याकाळी नेऊ या ना," तो म्हणाला.

मामा टेम्पोकडे चालू लागले. आराधनानं जॉयच्या हातात डबा कोंबला. "झाकण घट्ट लाव, लांब मोकळ्यावर सावलीत नेऊन ठेव. त्या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही." आणि धावत जाऊन ती टेम्पोच्या केबिनमध्ये मामांच्या शेजारी चढली.

"तू कुठं?"

"बोकड बघायला."

"बस," मामा म्हणाले. "शिकशील काहीतरी."

टेम्पो निघाला. नगर मागं पडलं, संभाजीनगरचा रस्ता लागला. खिडकीतून गार वारा येत होता आणि मामा खुशीत होते. आराधना त्यांच्याकडे बघत होती. खरं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताकडे. हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडू लागला की तो आधी कुठं बोलतो हे तिला माहीत होतं. निरोगी माणूस एवढ्या वायूवर डोकेदुखीनं सुटतो. स्टेंट बसवलेला सुटेलच असं नाही.

"तोंड का एवढं पाडलंय ताईंनी?" गोरक्ष म्हणाला. "बोकडाची दया यायलीय व्हय?"

"मामा, डोकं कसं आहे?"

"आहे जागेवर." पण बोटं कपाळावर गेली. "शेंडी गाव गेलं का रे गोरक्ष?"

"शेंडी कवाच गेलं साहेब. तुमी टपरीवाल्याला हात बी केला की."

"हो का?" मामा म्हणाले.

आराधना पुढं वाकली. "गोरक्षदादा, गाडी वळवा. मामांना नगरला न्यायचंय."

गोरक्षनं मान वळवून मामांकडे बघितलं. "साहेब?"

"चल रे तू," मामा म्हणाले.

"गोरक्षदादा, मी हात जोडते."

"ताई, गाडी साहेबांनी सांगितल्याली हाय. त्यांनी म्हनावं, मी आत्ता वळवतो. तुमच्या म्हनन्यावर वळीवली आन काय निगालं न्हाई, तर उद्या भिंगारात मला तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई."

तो बरोबरच बोलत होता, आणि तेच तिला सहन होईना. रसायनशास्त्र सगळं सांगून झालं होतं. मामांना ते खोटं वाटत नव्हतं. ते कुणा दुसऱ्याबद्दल आहे असं वाटत होतं. बाहेरचा शत्रू त्यांना समजला असता, धूर, वास, साप, काहीही. पण स्वतःला स्वतः बरं वाटत असताना आत काही शिजतंय, हे त्यांच्या गळी कसं उतरवायचं? पुढं जेऊर येणार, मग इमामपूरचा घाट. घाटात गाडी वळवायला जागा मिळायची नाही, आणि पलीकडं तर बाजाराची गर्दी.

"मामा," ती शक्य तितक्या सहजपणे म्हणाली, "वेदीपासून दारापर्यंत बाक कुणाकुणाचे आहेत हो? उजवीकडच्या रांगेतले?"

मामा हसले. हा प्रश्न म्हणजे त्यांना स्वतःच्या घरातल्या माणसांची नावं विचारण्यासारखा होता. रंगाखाली नावं बुडाली तरी ती रांग त्यांना तोंडपाठ होती. लहान पोरांना ती रांग मामाच शिकवायचे.

"पहिला भिंगारदिव्यांचा," ते म्हणाले. "दुसरा साळव्यांचा. मग..."

टेम्पो खड्ड्यातून गेला. मामांनी डॅशबोर्ड धरला.

"मग?"

"मग... थांब. साळव्यांच्या मागं..." त्यांचे ओठ हलत राहिले. "साळव्यांच्या मागं आपलाच की. नाही. आपला तर..." ते समोर काचेकडे बघत होते, जणू नाव तिथं कुठंतरी लिहिलंय. "पहिला भिंगारदिव्यांचा. दुसरा..."

गोरक्षनं न सांगता वेग कमी केला होता.

मामांनी हळूच आपला डावा हात उचलला आणि जबड्याखाली चोळला. मग त्यांनी आराधनाकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत तिनं आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं. भीती म्हणावी तर तीच.

"गोरक्ष," ते म्हणाले. "वळव."

गोरक्षनं मग मागंपुढं पाहिलं नाही. जेऊरच्या फाट्यावर टेम्पो असा फिरवला की मागं दोरखंड आणि बादल्या आदळल्या. "साहेब, टेकून बसा. ताई, त्यांच्या शर्टाचं बटन काढा. ए, हट की लेका!" हा शेवटचा आवाज उसाच्या ट्रॅक्टरला होता. आराधनानं मामीला फोन केला, जुने रिपोर्ट घेऊन ये म्हणून सांगितलं. मामा डोळे मिटून बसले होते. त्यांना बोलू देऊ नये की बोलत ठेवावं, हे तिला कळेना. प्रयोगशाळेत पेशींना हे कधी विचारावं लागलं नव्हतं. ती त्यांची नाडी धरून बसली, एवढंच तिला सुचलं.

दवाखान्यात कॅज्युअल्टीला सुकन्या नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं बोटाला यंत्र लावलं. नव्याण्णव. मग ईसीजीची पट्टी काढली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"हृदयावर ताण दिसतोय. जुना स्टेंट आहे? मग तोच असेल. ऑक्सिजनची काही गरज..."

"ऑक्सिजनचीच गरज आहे," आराधना म्हणाली. तिनं पेंट रिमूव्हरचं सांगितलं, रसायनाचं नाव सांगितलं, शरीरात त्याचं काय होतं ते सांगितलं. भराभर सांगितलं, पण काहीही गाळलं नाही. "तुमच्या ब्लड गॅसच्या मशीनवर कार्बॉक्सीहिमोग्लोबिन येत असेल तर प्लीज बघा. किती रक्ताला वायू चिकटलाय ते कळेल."

डॉक्टरनं तिला ऐकून घेतलं. "खोलीतून बाहेर येऊन किती वेळ झाला?"

"दीड तास तरी."

"मग असला तरी उतरला असेल आता."

"इतर वेळी उतरतो. हा चढतो. म्हणून तर..." तिनं ईसीजीच्या पट्टीवर बोट ठेवलं. "चुकले तर मला हसा. पण बघा."

डॉक्टरनं पेशंटकडे बघितलं, ईसीजीकडे बघितलं आणि सिस्टरला म्हणाली, "एबीजी काढा, रक्त लगेच मशीनवर लावा. आणि रिपोर्टची वाट बघू नका, मास्क लावा. पिशवीवाला. फुल फ्लो."

यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली तेव्हा डॉक्टरनं ती दोनदा वाचली.

"अठरा टक्के," ती म्हणाली. "सिगरेट ओढतात?"

"आयुष्यात कधी नाही."

"म्हणजे पाचातला जवळजवळ एक भाग रक्त कामातनं गेलंय. या हृदयावर." तिनं फोन उचलला आणि हृदयाच्या डॉक्टरांना बोलावलं.

तासाभरानं मामांची छाती मोकळी झाली. डोकं हलकं झालं. मामी येऊन पायाशी बसली होती. तिचे देवाचे आभार मानून झाले होते आणि आता ती नवऱ्याला बोलत होती. "बाकावर नाव पाहिजे यांना! दगडावर नाव कोरायची वेळ आली होती."

मामा मास्कच्या आत हसले. हात वर नेऊन त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. "झालं गं आता. तोंड सुकलंय. बरं वाटतंय मला."

"लावा तो," आराधना म्हणाली.

"अगं, दुखत नाही म्हणतोय ना."

"मघाशी ओट्यावरही दुखत नव्हतं."

तेवढ्यात डॉक्टर दुसरी चिठ्ठी घेऊन आली. ती मामांशी नाही, आराधनाशी बोलली. "पंधरा. एवढ्या ऑक्सिजनवर साधा पेशंट आत्तापर्यंत निम्म्याच्या जवळ यायला हवा होता." तिनं चिठ्ठी आराधनाच्या हातात दिली. "आपण काढतोय आणि ते आत बनवतायत. तुम्ही म्हणता तसं. रात्रभर ठेवावं लागेल. हृदयाला इजा झालीय का बघायला ट्रोपोनिन परत करू. पहिला बरा आहे, पण आत्ताच मी काही सांगत नाही."

मामांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. भाचीच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. ती चिठ्ठीवरच्या त्या आकड्याकडे बघत होती, जणू बघण्यानं तो खाली येईल.

"म्हणजे अजून चालूच आहे?" त्यांनी विचारलं. "आत?"

"हो."

"आणि मला काहीच कळत नाही."

"नाही कळणार, मामा. कुणालाच कळत नाही."

मामांनी मान पडद्याकडे वळवली. छातीवर लावलेल्या तारांमधून निघणारी हिरवी रेघ पडद्यावर उड्या मारत होती. मग त्यांनी हनुवटीखालचा मास्क स्वतःच वर घेतला, नाकावर नीट बसवला आणि दोन्ही बाजूंच्या रबरी दोऱ्या धरून घट्ट ओढल्या. गालावर वळ उमटेपर्यंत.